विचारणाऱ्याचं कवच

मालवणात कुणाला डोक्याला जबर मार लागला की घरच्यांच्या तोंडी बांबोळीचं नाव येतंच. ओरोसचं जिल्हा रुग्णालय झालं, डॉक्टरांनी ‘पुढे न्या’ म्हटलं, की रुग्णवाहिका बांद्यावरून गोव्यात शिरते आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या दारात थांबते. वाटेत राज्य बदलतं, पोलीस बदलतात, सरकार बदलतं. एक कायदा मात्र हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे तोच राहतो. मेलेल्या माणसाचे अवयव जिवंत माणसाला देण्याचा हा कायदा, आणि त्याचा जन्मच मुळी ज्या राज्यांच्या मागणीतून झाला, त्यांत ही दोन्ही आहेत.

आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हे राज्यांचे विषय आहेत. त्यामुळे अवयवदानाबद्दल संसदेला आपणहून कायदा करता येत नव्हता. घटनेच्या २५२व्या कलमाने एक वाट ठेवली आहे: दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून ‘आमच्यासाठी तुम्ही कायदा करा’ असं सांगितलं, तर संसद तो करू शकते. असे ठराव तीन राज्यांनी केले. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. ही तिन्ही नावं कायद्याच्या प्रस्तावनेतच छापलेली आहेत. ८ जुलै १९९४ रोजी ‘मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्या’ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. बाकीची राज्यं एकेक करून नंतर आली. मालवणचा सिंधुदुर्ग जिल्हा त्या मूळ तिघांपैकी दोघांच्या सांध्यावर बसला आहे.

या कायद्यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट शस्त्रक्रियेबद्दलची नाही. ती एका प्रश्नाबद्दलची आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बायकोला, बापाला, मुलीला कुणीतरी येऊन विचारायचं असतं: तुमच्या माणसाचे अवयव द्याल का? हा प्रश्न विचारायची हिंमत कुठून येते? उद्या घरचे म्हणाले, ‘अवयवांसाठी आमच्या माणसाला मेलेला ठरवला’, तर विचारणाऱ्याचं काय होईल? आणि होकार दिलेल्या बायकोवर दिराने केस घातली तर?

या प्रश्नांची किंमत जगाने १९६८ या एकाच वर्षात तीन ठिकाणी मोजली. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये पहिलं मानवी हृदयारोपण केलं. त्यानंतर अडीच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. ‘मेंदू मेला म्हणजे माणूस मेला’ असं म्हणणारा कायदा तेव्हा भारतात नव्हता. सेन आणि त्यांचे सहकारी कायद्याच्या नकाशावर नसलेल्या प्रदेशात उतरले होते.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ब्रूस टकर नावाचा कामगार पडला आणि डोक्याला मार लागून दवाखान्यात आला. नातेवाईक सापडत नाहीत असं म्हणून डॉक्टरांनी त्याचं हृदय काढून दुसऱ्या रुग्णाला बसवलं. त्याचा भाऊ त्याच शहरात दुकान चालवत होता. हृदय आणि मूत्रपिंडं गेल्याचं घरच्यांना कळलं ते अंत्यविधीची तयारी करणाऱ्या माणसाकडून. भावाने खटला भरला. त्याचे वकील डग्लस वाइल्डर पुढे व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले. १९७२ साली ज्यूरीने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला, पण ‘कुणालाही न विचारता’ हा डाग काही धुतला गेला नाही.

आणि ऑगस्टमध्ये जपान. साप्पोरोच्या डॉ. जुरो वादा यांनी हृदयारोपण केलं. पाण्यात बुडालेला दाता खरोखर मेला होता का, असा संशय उठला आणि डॉक्टरवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण देश इतका धास्तावला की जपानमध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा यायला १९९७ साल उजाडलं आणि दुसरं हृदयारोपण झालं ते १९९९ मध्ये. एकतीस वर्षं. हातात कौशल्य होतं, यंत्रं होती, हृदयाची वाट पाहणारे रुग्णही होते. संरक्षण आणि विश्वास या दोन गोष्टी नव्हत्या, म्हणून सगळं थांबलं.

भारताच्या कायद्याने या दोन्ही गोष्टी एकाच वेळी उभ्या करायच्या ठरवल्या. त्यातलं संरक्षण कलम २३ मध्ये आहे आणि ते फार तर दोन-तीन ओळींचं आहे. आशय असा: या कायद्यातल्या तरतुदींनुसार जे काही सद्भावनेने केलं असेल किंवा करायचं ठरवलं असेल, त्याबद्दल कोणत्याही व्यक्तीवर दावा, खटला किंवा दुसरी कायदेशीर कारवाई होणार नाही. ‘कोणत्याही व्यक्तीवर’ इथे जरा थांबून पाहावं. कायद्याने डॉक्टर असं म्हटलेलं नाही. परिचारिका, अवयवदानाचं काम जुळवणारा समन्वयक, कॉर्निया काढणारा तंत्रज्ञ, सही करणारी विधवा, सगळे त्या दोन शब्दांत मावतात.

त्याच्या जोडीला एक कमी माहीत असलेलं कलम आहे, आठवं. प्रेताची विटंबना हा आपल्याकडे जुना गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत तो २९७व्या कलमात होता, आता भारतीय न्याय संहितेत ३०१व्या कलमात आहे. कायदा करणाऱ्यांच्या लक्षात आलं की अवयव काढणं म्हणजे प्रेतावर सुरी चालवणंच. म्हणून त्यांनी लिहून ठेवलं की या कायद्यानुसार परवानगी देणं किंवा अवयव काढणं हा त्या कलमाखालचा गुन्हा मानला जाणार नाही. परवानगी देणाऱ्याचाही उल्लेख तिथे आहे. म्हणजे भावकीतल्या कुणी ‘तू मयताची विटंबना केलीस’ म्हटलं, तर सही करणाऱ्या बाईचं उत्तर कायद्यात १९९४ पासून तयार आहे.

हे कवच फुकट मात्र मिळत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना सगळ्यांचे हात एकाच जाळ्याच्या दोरांना लागतात. या कायद्याने नेमकं उलटं केलं: प्रत्येकाच्या हातात वेगळा दोर दिला आणि दुसऱ्याच्या दोराला हात लावायला बंदी केली. कवच आहे ते आपापल्या दोरापुरतं.

पहिला दोर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा. मुंबई-गोवा महामार्गावर कसालजवळ मोटारसायकल घसरली आणि कुणी जखमीला उचलून रिक्षात घातलं, तर त्याचं संरक्षण दुसऱ्याच कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करताना हयगय झाली आणि त्यातून जखमीला इजा झाली किंवा मृत्यू आला, तरीही मदत करणारा दिवाणी वा फौजदारी कारवाईला पात्र ठरत नाही. घाबरलेल्या वाटसरूकडून कायदा डॉक्टरच्या सफाईची अपेक्षा करत नाही.

दुसरा दोर मृत्यू ठरवणाऱ्यांचा, आणि इथे शरीरशास्त्राचा एक अजब खेळ आहे. हृदयाला धडधडण्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याच्या भिंतीतच ठोके देणारा पेशींचा पुंजका असतो. श्वासाला मात्र मेंदूच्या देठाचा, म्हणजे मेंदूस्तंभाचा हुकूम लागतो. तो देठ मेला की श्वास थांबतो, पण व्हेंटिलेटर हवा भरत राहिला तर हृदय प्राणवायू मिळेल तोवर चालत राहतं. छाती वरखाली होते, अंग गरम लागतं, मॉनिटरवर रेषा नाचते, आणि माणूस गेलेला असतो. हे डोळ्यांना पटणं फार कठीण. म्हणून तपासण्या आहेत: बुबुळावर प्रकाश टाकतात, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कापसाने स्पर्श करतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून पाहतात. मेंदूस्तंभ जिवंत असेल तर यातल्या कशाला तरी शरीर उत्तर देतं. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून नुसता प्राणवायू देतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू देतात. जिवंत मेंदूला तो वायू सहन होत नाही, तो छातीला श्वास घ्यायला लावतोच. वायू ठरलेल्या पातळीच्या वर गेला आणि छाती हललीच नाही, तर उत्तर मिळालं. ही सगळी तपासणी किमान सहा तासांनी पुन्हा करायची.

आणि ती एकाने करून चालत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं: रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यचिकित्सक, आणि उपचार करणारा डॉक्टर. छोट्या जिल्ह्यात मेंदूविकारतज्ज्ञ मिळत नाही, म्हणून २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या जागी सर्जन, फिजिशियन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालेल असं म्हटलं. अट एवढीच की त्याचं नाव मंजूर यादीत असावं आणि तो प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला नसावा. साप्पोरोमध्ये जो संशय तीस वर्षं छळत राहिला, त्यावरचा हा उतारा.

तिसरा दोर विचारणाऱ्याचा. २०११ च्या दुरुस्तीपूर्वी विचारायचं की नाही हे डॉक्टरच्या मर्जीवर आणि धैर्यावर होतं. दुरुस्तीने कलम ३ मध्ये भर घातली: समन्वयकाशी बोलून डॉक्टरने अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला विचारायचं की त्याने पूर्वी कधी अवयवदानाची इच्छा नोंदवली होती का. नोंदवली नसेल, तर देण्याचा किंवा नाकारण्याचा पर्याय तुम्हाला आहे, हे सांगायचं. हे डॉक्टरचं कर्तव्य झालं. अमेरिकेतल्या राज्यांनी १९८५ पासून असाच रस्ता धरला होता. यातली युक्ती मला फार आवडते. विचारणं सक्तीचं झाल्याबरोबर विचारण्यातला आगाऊपणा गेला. ‘तुम्ही आम्हालाच का विचारलंत’ या प्रश्नाला ‘सगळ्यांना विचारावंच लागतं’ हे खरं उत्तर मिळालं. देणं मात्र कुठेच सक्तीचं नाही. नकाराला ना दंड, ना कारण सांगायची गरज. ही दुरुस्ती १० जानेवारी २०१४ पासून गोव्यात लागू झाली आणि महाराष्ट्रानेही पुढे ती स्वीकारली.

चौथा दोर पोलिसांचा. आपल्याकडे माडावरून पडलेला, आंबे काढताना फांदी मोडून खाली आलेला किंवा अपघातातला माणूस दगावला की पंचनामा आणि शवविच्छेदन आलंच. अवयव काढले तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येईल, अशी धास्ती साहजिक असते. कायद्याचं सहावं कलम आणि २०१४ चे नियम यांनी हा पेच सोडवला आहे. होकार मिळाला की रुग्णालयाने ठाण्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं आणि त्याच वेळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरलाही प्रत पाठवायची. मृत्यूचं कारण शोधायला अडथळा येईल असं काही काढायचं नाही. काढणाऱ्याने अवयवांची स्थिती लिहून द्यायची आणि ती टिपणं शवविच्छेदनाच्या अहवालात जोडायची. शक्य असेल तर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने त्या वेळी हजर राहायचं, कार्यालयाची वेळ संपली असली तरी. हृदयाला चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत पोचायचं असतं. कचेरीचं घड्याळ त्याला थांबवू शकत नाही.

पाचवा दोर घरच्यांचा. कायद्याच्या लेखी जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही. काका, मामा, चुलतभाऊ, जावई, सून यांची नावं त्या यादीत नाहीत. कोकणात ही मोठीच गंमत. मुलगे मुंबईत चाकरमानी, घरी म्हातारी आई आणि दवाखान्यात धावपळ करणारा चुलता. कागद त्याच्या हातात, पैसे त्याने भरलेले, डॉक्टरशी तोच बोलतोय. तरी कायदा आधी आईकडे पाहतो. मृतदेह ज्याच्या ताब्यात कायदेशीरपणे आहे तो परवानगी देऊ शकतो, पण जवळच्या नातेवाइकांपैकी कुणाची हरकत आहे असं मानायला जागा असेल तर नाही. नुसतं दहन-दफनासाठी ज्याच्या हाती मृतदेह सोपवला, त्याला तर असा अधिकारच नाही. घरच्यांना पैशाचीही झळ लागू नये म्हणून नियमांत सोय आहे: मेंदूमृत्यू जाहीर झाल्यानंतर देह सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही.

मग कवच कुठे संपतं? ‘सद्भावना’ मोजायच्या आपल्या कायद्यात दोन पट्ट्या आहेत. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगतो की काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ते सद्भावनेचं, मग त्यात हलगर्जी झालेली असो वा नसो. जुनी दंड संहिता आणि आजची न्याय संहिता म्हणतात की पुरेशी काळजी न घेता केलेलं काम सद्भावनेचं नव्हेच. एक मन पाहते, दुसरी हातही पाहते. फौजदारी आरोप उभा राहिला की दुसरी पट्टी पुढे येते. म्हणून जाणता डॉक्टर दोन्ही पट्ट्यांत बसेल असं वागतो: दोन तपासण्या, चार सह्या, मेंदूमृत्यूचा नमुना १०, नातेवाइकांच्या संमतीचा नमुना ८. हे कागद म्हणजे त्याच्या काळजीचा लेखी पुरावा.

परवानगीशिवाय अवयव काढला तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि वीस लाखांपर्यंत दंड. प्रश्नात पैशाचा नुसता वास आला तरी गोष्ट व्यापारात जाते; तिथे शिक्षा पाच ते दहा वर्षं आणि दंड वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत. २०१६ मध्ये मुंबईत पवईच्या एका रुग्णालयातलं मूत्रपिंडाचं प्रकरण उघड झालं तेव्हा डॉक्टरांनाही अटक झाली होती. तो जिवंत दात्याचा मामला होता, पण कायदा तोच. दात्यावर आधी झालेल्या उपचारांत कुणी चूक केली असेल, तर तीही कलम २३ खाली झाकली जात नाही. ते कलम या कायद्याखालच्या कामांपुरतं आहे. उलट बाजूने, कुणीही उठून थेट कोर्टात तक्रार ठोकू नये म्हणूनही बांध आहे: तक्रार सरकारच्या नेमलेल्या प्राधिकरणाने करायची, नाहीतर आपण आधी त्या प्राधिकरणाला किमान साठ दिवसांची नोटीस देऊन करायची.

एक गाठ अजून सुटलेली नाही. मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे मृत्यू, हे या कायद्यात स्पष्ट आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं. मेंदूचा तिथे उल्लेख नाही. मग घरच्यांनी नकार दिला तर त्याच खाटेवरच्या त्याच देहाचं व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतो. अवयव द्यायचे ठरले तर माणूस मेलेला, नाही ठरले तर त्याच्याबद्दल काय लिहायचं असा हा पेच. केरळ सरकारने २०२० मध्ये दानाचा प्रश्न बाजूला ठेवून मेंदूमृत्यू प्रमाणित करण्याच्या सूचना दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जीवनरक्षक यंत्रणा काढण्याची पद्धत घालून दिली आणि २०२३ मध्ये ती सोपी केली, पण ती जिवंत, असाध्य रुग्णांसाठी आहे. नाही म्हणणाऱ्या कुटुंबाला आणि त्यांच्या डॉक्टरलाही तितकंच स्वच्छ संरक्षण मिळायला हवं, असं मला वाटतं. नकार खरोखर मोकळा असेल तरच होकार मोकळा राहतो.

या सगळ्या साखळीत एक माणूस असा आहे ज्याला कसलंच कवच लागत नाही, आणि तरी सगळ्यांचं ओझं तो हलकं करू शकतो: धडधाकट असलेले आपण. अठरा वर्षांवरचा कुणीही नमुना ७ भरून आपली इच्छा नोंदवू शकतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. कायद्याच्या अक्षरानुसार अशी इच्छा असली की देह ताब्यात असणाऱ्याने सहकार्य करायलाच हवं, पण आपल्याकडे घरच्यांचा होकार घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. म्हणून फॉर्मपेक्षा साक्षीदार मोलाचे. चवतीला चाकरमानी घरी येतात तेव्हा आई, भाऊ, बहीण, बायको एका छपराखाली असतात. कायद्याच्या यादीतली जवळजवळ सगळी माणसं. आरती झाली, जेवणं उरकली की ‘माझं असं असं आहे’ एवढं सांगायला पाच मिनिटं पुरतात. उत्तर नाही असलं तरी सांगावं. मग पुढे कधी बांबोळीच्या व्हरांड्यात एखाद्या अनोळखी डॉक्टरने विचारलंच, तर आपल्या माणसाला आपल्या वतीने ठरवत बसावं लागणार नाही. आपण काय म्हणालो होतो, तेवढंच त्याला सांगावं लागेल.